तिसरा ठोका

१

आमच्या गॅरेजमध्ये काम बरोबर झालं तर कुणी काही बोलायचं नाही. आप्पा फडक्याला हात पुसत निघून जायचे, तेच सर्टिफिकेट. काम चुकलं असेल तर मात्र ते हातातल्या पान्यानं बॉनेटवर तीनदा ठोकायचे. तीन ठोके म्हणजे ‘परत बघ’. कुठे चुकलंय, काय चुकलंय, ते तुझं तू शोधायचं.

कॉलेज सोडून मी वडिलांच्या हाताखाली आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि माझ्या जिभेला हाड नव्हतं. एकदा चिडून म्हणाले, "आप्पा, तोंड दिलंय ना देवानं? सांगा की काय चुकलं ते."

"सांगितलं की तू तेवढंच बघशील," ते म्हणाले. "आणि ही सवय माझी नाही. माझ्या वस्तादाची. त्याचा तिसरा ठोका असा बसायचा की पत्र्याला पोचा पडायचा."

हा वस्ताद मी कधी पाहिला नाही. मी पाळण्यात होते तेव्हाच तो गेला. त्याच्याबद्दल मला दोनच गोष्टी माहीत. एक हा तिसरा ठोका. दुसरी म्हणजे जॅक निसटून त्याच्या उजव्या पायाचा अंगठा गेला होता, तरी तो शेवटपर्यंत अनवाणीच काम करत राहिला. ही गोष्ट आप्पांनी मला जॅक लावायला शिकवताना सांगितली, धाक म्हणून.

तीन वर्षांपूर्वी आप्पांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, डावा हात तेवढा राहिला. गॅरेजच्या मागच्या खोलीत लोखंडी खाट टाकली, खाटेच्या दांड्याला दहा नंबरचा पाना दोरीनं बांधला आणि आमचं बोलणं सुरू झालं. एक ठोका म्हणजे हो. दोन म्हणजे नाही. तीन म्हणजे तेच जुनं. डावा हात लवकर थकायचा, म्हणून तिसरा ठोका हलका यायचा. ठक, ठक, टक.

खिडकी लावू का? एक. भूक लागली का? दोन. तीन वर्षांत मी त्यांना हजार प्रश्न विचारले असतील. एक मात्र कधी विचारला नाही. आप्पा, माझं काम बरोबर असतं ना? त्याला दोन ठोके आले असते तर दुसऱ्या दिवशी शटर वर करायला माझा हात उठला नसता.

२

माझी ताई नर्स आहे. डोंगरापलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात तिला बढतीवर बोलावलं. भाऊजी आधी जाऊन घर लावून बसले होते. ताई दोन्ही पोरांना घेऊन शुक्रवारी सकाळी निघणार, असं ठरलं.

"बसनं कशाला जातेस?" मी तिला म्हटलं. "आप्पांची गाडी घेऊन जा."

आप्पांची गाडी तीन वर्षं गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी होती. इंजिन जाम झालेलं. गिऱ्हाइकांची कामं सांभाळून मी दीड महिना तिच्या मागे लागले. पुढची दोन्ही चाकं मोकळी करून इंजिन खाली उतरवलं, सगळं सुटं केलं, बेअरिंग नवे, रिंगा नव्या, नट अन् नट धुऊन पुसून परत बांधलं. इतकं मन लावून काम मी आधी कधी केलं नव्हतं. घाटातून माझी बहीण आणि तिची दोन पोरं जाणार होती त्या गाडीतून.

रविवारी शेवटची चाकं बसवताना ताई स्टुलावर येऊन बसली. तिला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही, पण नकला करण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. तिनं त्यांच्या हॉस्पिटलातल्या मेट्रनची अशी काही नक्कल केली की हसून हसून माझी पुरेवाट झाली. मी तिला म्हटलं, "बाई, जा आता, नाहीतर चाक उलटं बसवीन."

सोमवारी सकाळी चावी फिरवली. पहिल्याच झटक्याला गाडी सुरू झाली. मी एकटीनंच टाळ्या वाजवल्या. आणि टाळ्या थांबल्यावर ऐकू आलं.

ठक, ठक, ठक.

३

नव्यानं बांधलेल्या इंजिनात ठोका ऐकू आला की मेकॅनिकच्या काळजाचाही एक ठोका चुकतो. पण घाबरून चालत नाही. आवाज शोधायची एक रीत आहे आणि ती मला पाठ आहे.

लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची. मग एकेक जागा चाचपायची. वर टॅपेट बघितले, बरोबर बोलत होते. पाण्याचा पंप ठीक. मग एकेका प्लगची वायर काढून बघितली. ज्या पिस्टनचा बेअरिंग सैल असेल त्याची वायर काढली की ठोका मऊ पडतो. चारही काढून बघितल्या. ठोका ढिम्म. इंजिन ज्या रबरांवर बसतं ती तपासली, सायलेन्सर कुठे पत्र्याला घासतोय का बघितलं. काही नाही.

मंगळवारी इंजिन जागेवर ठेवूनच गाडीखालच्या खड्ड्यात उतरले आणि खालचं ऑइल चेंबर खोललं. बेअरिंग आरशासारखे. हातानं क्रँक फिरवला, लोण्यातून फिरावा तसा फिरला. परत बांधलं, तेल भरलं, चावी फिरवली.

ठक, ठक, ठक.

तेव्हा माझ्या लक्षात आलं ते खरं तर सोमवारीच यायला हवं होतं. इंजिनातला आवाज इंजिनाच्या चालीनं चालतो. रेस वाढवली की तो धावतो, सोडली की रेंगाळतो. मी रेस वाढवली. इंजिन किंचाळलं. ठोका आपल्याच चालीनं पडत राहिला. तीन, मग थोडी उसंत, मग तीन. आणि तिसरा सगळ्यात जड.

मी स्वतःला म्हटलं, काल रात्री नीट झोप नाही, मोजण्यात चूक होत असेल. मोजायला बँकवाल्या काकांना बोलावलं. ते आपली स्कूटर न्यायला आले होते.

"काका, किती ऐकू येतात?"

त्यांनी मान तिरकी करून ऐकलं. "तीन-तीन येतायत की. इंजिन आहे का दारावरचा पाहुणा?" आणि स्वतःच्याच विनोदावर हसत ते गेले. मला काही हसू आलं नाही.

४

बुधवारी भर दुपारी इंजिन बंद केलं आणि डबा उघडला. बाहेर रस्त्यावर ऊन रणरणत होतं. पहिला घास तोंडात घातला आणि बंद गाडीतून तीन ठोके आले.

लोखंड थंड होताना टिकटिकतं. माझ्या शहाण्या मनानं लगेच उत्तर दिलं. पण तापलेलं लोखंड कुणीकडूनही, कसंही टिकटिकतं, मोजून तीनदा नाही. मग दुसरं उत्तर आलं आणि मला एवढं हायसं वाटलं की मी मोठ्यानं हसले. आप्पा! मागच्या खोलीत आप्पा खाटेवर ठोकत असणार, भिंतीतून, फरशीतून आवाज येत असणार, आणि मी वेडी तीन दिवस इंजिन फोडतेय.

हात न धुताच आत गेले. आप्पा जागे होते. पाना दोरीनं लटकत होता, हात छातीवर होता. त्यांचे डोळे माझ्यावर नव्हते, गॅरेजच्या भिंतीवर होते.

"आप्पा, तुम्ही वाजवत होतात का?"

त्यांनी पाना हातात घेतला. दोन ठोके. नाही.

आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून आले. ठक, ठक, ठक. तिसरा इतका जोरात की खिडकीची काच थरथरली. आप्पांचा तिसरा असा नसतो. तीन वर्षं मी तो हलका ठोका ऐकतेय, झोपेतही ओळखीन.

"मग कोण वाजवतंय?"

या प्रश्नाला हो-नाही उत्तर नव्हतं, हे तोंडातून गेल्यावर कळलं. आप्पा माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत भीती असती तर मला बरं वाटलं असतं. भीती नव्हती. खूप वर्षांनी ओळखीचा आवाज कानावर पडल्यावर माणसाचे डोळे होतात, तसे झाले होते.

त्यांनी हळूहळू तीन ठोके दिले. ठक, ठक, टक.

परत बघ.

५

गुरुवारी सकाळी मी हट्टाला पेटले. ताईला फोन करून ‘जमत नाही, बसनं जा’ म्हणायचं मनात आलं होतं. फोन हातातही घेतला होता. पण मग आप्पांना उचलून चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि गाडीसमोर आणलं. झटका आल्यापासून ते पहिल्यांदाच गॅरेजमध्ये येत होते. त्यांनी तेलाचा वास छाती भरून घेतला.

मी इंजिन सुरू केलं. आप्पांचा उजवा कान फार आधीच गेलेला. म्हणून ते आवाज दातांनी ऐकायचे. लोखंडी सळीचं एक टोक इंजिनावर, दुसरं दातांत. मी सळी त्यांच्या दातांत दिली. अर्धं तोंड लुळं, तरी त्यांनी ती घट्ट धरली. डोळे मिटले. एवढ्या वर्षांनी माणूस पुन्हा आपल्या जागी येऊन बसल्यासारखा दिसला. मला रडू यायला लागलं, पण ती वेळ नव्हती.

त्यांनी सळी सोडली. मी इंजिन बंद करून त्यांच्या हातात पाना दिला.

"इंजिन आहे का?"

खुर्चीच्या दांड्यावर दोन ठोके.

"गिअरबॉक्स?"

दोन.

"मग राहिलं काय आप्पा? चाकं?"

एक.

"उजवं?"

दोन.

"डावं."

एक.

दिवा घेऊन खड्ड्यात उतरले. सोमवारपासून मी या खड्ड्यात किती वेळा उतरले असेन, पण डोकं वर इंजिनात घालून उभी होते. बाजूला चाकाकडे एकदाही बघितलं नव्हतं. आवाज इंजिनाचा म्हणून मी तेवढंच बघत होते.

स्टिअरिंगचा दांडा डाव्या चाकाला एका नटानं धरलेला असतो. तो नट सुटू नये म्हणून त्यातून एक छोटी पिन आरपार घालून तिची टोकं वाकवतात. उजव्या चाकाला पिन होती. डाव्या चाकाला पिनेचं भोक रिकामं होतं. आणि नुसता हातानं चढवलेला नट इंजिनाच्या थरथरीनं फिरत फिरत शेवटच्या दोन आट्यांवर येऊन थांबला होता. मी बोट लावलं तर तो हलला.

घाटाच्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर तो पडला असता. ताईनं स्टिअरिंग वळवलं असतं आणि चाक वळलं नसतं.

काम करताना पिन दातांत धरायची मला वाईट खोड आहे. सगळ्याच मेकॅनिकना असते, हात दोनच असतात ना. रविवारी ताईनं मेट्रनची नक्कल केली तेव्हा हसायला तोंड मोकळं हवं म्हणून मी दातांतली पिन काढली. काढून कुठे ठेवली? मी शर्टाच्या खिशात हात घातला. शर्ट तोच होता, कामाचा. पिन खिशात होती.

आप्पांना सांगावं म्हणून मी खड्ड्याच्या काठावरून बाहेर बघितलं. गाडीखालून दिसतं तेवढंच दिसलं. खुर्चीची चाकं. पायपट्टीवर मोजे घातलेले आप्पांचे पाय.

आणि त्यांच्या शेजारी, जमिनीवर, दोन अनवाणी पाय. काळे, टाचा भेगाळलेल्या. अगदी गाडीला चिकटून उभे. बॉनेटवर वाकलेला माणूस उभा राहतो तसे. उजव्या पायाला चारच बोटं होती.

मी डोळे मिटले. खरंच सांगते, दुसरं काही सुचलं नाही. डोळे मिटूनच नट आवळला, चाचपत पिन घातली, पक्कडीनं टोकं वाकवली. हे काम मला डोळे मिटून येतं. काम चोख झालं. मग एकदा नाही, तीनदा चाचपून बघितलं.

वर आले तेव्हा आप्पा एकटेच होते. बॉनेटशेजारच्या मोकळ्या जागेकडे बघत अर्ध्या तोंडानं हसत होते. बॉनेटवर अंगठ्याएवढा पोचा होता. तो आधीपासूनच होता की नाही, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. जुनी गाडी, पोचे असतातच.

"आप्पा," मी म्हटलं, "आता बरोबर झालं?"

पण ते खुर्चीतच झोपी गेले होते. दमले होते बिचारे.

६

शुक्रवारी ताई गेली. पोरांनी मागच्या काचेतून वळणापर्यंत हात हलवले. गाडी पाण्यासारखी चालली होती, ठोका नाही की खरखर नाही. संध्याकाळी ताईचा फोन आला, "पोचलो गं मिस्त्रीणबाई. काय मस्त चालते!" मी फोन ठेवला आणि शटरला टेकून ओक्साबोक्शी रडले.

तेव्हापासून मी रोज सकाळी शटर वर करताना मनातल्या मनात हात जोडते. कुणाला, ते स्वतःलाही विचारत नाही. भीती वाटायची थांबली असं नाही. गाडीखाली असताना मी अजून बाहेर बघायचं टाळते. पण भीतीच्या वर उपकार आहेत, डोंगराएवढे. माझ्या चुकीनं जे गेलं असतं ते सगळं आज हसतंखेळतं आहे.

७

हे झालं त्याला सहा महिने होऊन गेले होते. सकाळचे दहा वाजले असतील. एका गाडीचे चारही टायर भरायचे होते, कंप्रेसर धडधडत होता. फोन आला तो ताईचा.

"अगं, गाडी आवाज करतेय."

"कसला?"

"ठोके. आणि गंमत म्हणजे गाडी बंद आहे. हॉस्पिटलच्या आवारात उभी आहे, मी नुसती आत बसलेय, ड्यूटी आत्ता संपली. पंधरा मिनिटं झाली, थांबतच नाहीयेत."

"किती ठोके?"

"तीन-तीन."

"तिसरा कसा येतोय? जड येतोय ना?"

"थांब, तुला वाजवूनच दाखवते." नकला करण्यात ताईचा हात कुणी धरत नाही. तिनं फोन स्टिअरिंगपाशी नेला आणि नखानं वाजवून दाखवलं.

ठक, ठक, टक.

आठ वाजता मी आप्पांच्या खोलीत डोकावले होते. ते झोपले होते. गाढ झोपलेत म्हणून मी परत बघितलंच नव्हतं. आणि हा मेला कंप्रेसर चालू होता, खाटेवर कुणी घण घातले असते तरी मला ऐकू आले नसते.

फोन तसाच टेबलावर टाकून आत धावले.

आप्पा उशीवरून घसरले होते. डोळे उघडे होते, श्वास वरच्या वर लागला होता. पाना मुठीत होता आणि हात अजून दांड्यावर पडत होता, पण आता त्यात आवाज उरला नव्हता. मी खाटेशी गुडघे टेकले, त्यांचं डोकं उचलून हातावर घेतलं, पाना सोडवून त्यांचा हात माझ्या हातात घेतला. डॉक्टरांना बोलवावं म्हणून उठायला गेले तर बोटांनी मला धरून ठेवलं. तीन वर्षांत एवढा जोर त्या हातात कधी नव्हता.

गुडघ्यांवर बसल्यावर खाटेखालून पलीकडची फरशी दिसते. तिथे दोन अनवाणी पाय होते, आप्पांच्या उशाशी.

आयुष्यभर मला परत बघायला शिकवलं गेलं. त्या वेळी मी मान वर केली नाही. मी आप्पांच्या चेहऱ्याकडेच बघत राहिले, आणि जे कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"आप्पा, माझं काम बरोबर असतं ना?"

माझ्या तळहातावर त्यांचं बोट टेकलं. मी वाट बघितली. दुसरा ठोका आला नाही, तिसराही आला नाही. एकच.

मग हात सैल पडला. मी त्यांच्या छातीवर डोकं टेकवून बसले. उशीर झाला असता आणि झाला नाही, एवढंच मनात होतं. तशी बसलेली असतानाच मागच्या दाराकडे जाणारी पावलं ऐकली. दोन माणसांची. कुणीही पाय ओढत नव्हतं.

बाहेर येऊन कंप्रेसर बंद केला. टेबलावर फोन चालूच होता. मी तो कानाला लावला.

"आहेस का गं?" तीच म्हणाली. "थांबला बघ आवाज."